मशीनच्या पोटातलं मशीन

रंजना, आपलं भांडण अर्धवट राहिलं.

तुझ्या मुरबाडच्या क्लासमधल्या मुली परवा घरी आल्या होत्या. म्हणाल्या, "मॅडमवर काहीतरी लिहून द्या, तुमी त्यांना सगळ्यांत आधीपासून ओळखता." मी हो म्हटलं आणि लिहायला बसले. पण तुझा जन्म, तुझं शिक्षण, कुठल्या साली काय केलंस, यातलं काहीच पेनाच्या टोकाशी येईना. आलं ते एवढंच, की टेबलावर हात आपटून तू मला म्हणतेयस, "ताई, मोडू दे की त्यांना! मोडल्याशिवाय कळणार कसं?" आणि त्यावरचं माझं उत्तर लगेच माझ्या तोंडाशी आलं. तू नाहीस, तरी आलं. म्हणून हे तुलाच लिहितेय. मुलींना वाचायचं असेल तर त्यांनी खुशाल वाचावं.

तू माझ्याकडे पहिल्यांदा आलीस ती टायपिंग शिकायला. शहापूरच्या एसटी स्टँडमागे, पायऱ्या चढून वर गेलं की माझा क्लास. ओळीनं मांडलेले टाइपरायटर आणि दिवसभर खडखडाट. तू भातसानगरच्या वसाहतीतली, वडील धरणावर नोकरीला. तिथे साऱ्या जिल्ह्यांतली माणसं एकत्र राहायची, त्यामुळे तुझं बोलणं धड इथलंही नव्हतं आणि पुस्तकीही नव्हतं. "नाय" आणि "तुमी" मात्र पक्कं आमच्याकडचं.

माझ्या क्लासचा नियम होता. अक्षर चुकलं की पान काढायचं आणि पहिल्यापासून टाइप करायचं. बाकीच्या मुली निमूट करायच्या. तू पान हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिलीस.

"एका अक्षरासाठी सगळं पान, ताई?"

"परीक्षेत खोडाखोड चालत नाही."

"परीक्षेत नाय चालत. पण शिकताना?"

"शिकताना जी सवय लागते तीच परीक्षेत येते."

तू परत जाऊन बसलीस आणि पान पहिल्यापासून टाइप केलंस. पण तुला पटलं नव्हतं, तुझ्या मानेवरूनच कळत होतं. पुढे कितीतरी वर्षं आपण ज्यावर भांडत राहिलो ते भांडण त्या दिवशी सुरू झालं, आणि ते भांडण आहे हे तेव्हा दोघींनाही कळलं नाही.

अनिलभाऊंशी तुझं लग्न होऊन तू शहापुरातच राहिलीस, हे माझ्या दृष्टीनं फार चांगलं झालं. मूल थोडं मोठं झाल्यावर एक दिवस तू पुन्हा पायऱ्या चढून आलीस. टाइपरायटरवरून बोट फिरवलंस, धूळ पाहिलीस. त्या वर्षी माझ्याकडे जेमतेम मूठभर मुली उरल्या होत्या.

"आता कॉम्प्युटर घ्यायला लागतील, ताई. मी शिकून आलेय कल्याणला जाऊन. तुमची जागा, माझं शिकवणं."

"आणि मी काय करू?"

"तुमी शिस्त लावा," म्हणालीस आणि हसलीस.

तसंच झालं. तू शिकवायचीस, मी शिस्त लावायचे. जुने, कुणीतरी वापरून टाकलेले कॉम्प्युटर आणले. मोठ्या पाठीचे मॉनिटर, कधी चालणारे तर कधी न चालणारे माउस. भिंतीवर मी माझ्या अक्षरात पाटी लावली, "विचारल्याशिवाय काहीही डिलीट करू नये." तू त्या पाटीखालीच उभी राहून मुलांना सांगायचीस, बटणं दाबून बघा, काय होतं ते बघा. मुलं एकदा पाटीकडे बघायची, एकदा तुझ्याकडे आणि एकदा दाराशी बसलेल्या माझ्याकडे. आणि हात मांडीवरच ठेवायची.

ती भीती तुला सहन व्हायची नाही. आपल्याकडे येणारी बरीच मुलं किन्हवलीकडची, आतल्या गावांतली. घरात विजेची वस्तू म्हणजे दिवा, पंखा आणि असला तर टीव्ही. कॉम्प्युटरला हात लावायचा म्हणजे कुणाच्या तरी मालकीच्या, महागाच्या वस्तूला हात लावायचा. बिघडला तर काय, हा विचार मशीन सुरू होण्याआधीच त्यांच्या डोक्यात सुरू झालेला असायचा. आणि माझंही काही खोटं नव्हतं, रंजना. नव्यानं विंडोज टाकायला शिकवायचं म्हणून तू एकदा एका मशीनमधलं सगळं पुसलंस, अर्ध्यात लोडशेडिंग झालं, यूपीएसनं मान टाकली, आणि ते मशीन आठवडाभर आजारी माणसासारखं पडून राहिलं. त्या आठवड्यात एका मशीनवर तिघं तिघं बसली. त्यानंतर मीच सांगितलं, यापुढे क्लासच्या मशीनवर असले प्रयोग नकोत. अभ्यासक्रमात आहे ते तोंडी सांग.

"पोहायला तोंडी शिकवू काय?" तू म्हणालीस. पण ऐकलंस.

मग ती सीडी आली. कॉम्प्युटरच्या कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट मिळालेली. दोन दिवस तू तीच घेऊन बसलीस. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर दोन मशीन उघडी आणि त्यांच्यातली मेमरी काढून तू तिसऱ्यात घालत होतीस. मी कपाळावर हात मारला. दोन चांगली मशीन लंगडी करून एक मोठं केलंस, म्हटलं, आता दुपारच्या बॅचला कुठे बसवू?

"बसा तर खरं," म्हणून तू मला खुर्चीत बसवलंस.

पडद्यावर आपलं नेहमीचं विंडोज होतं. त्यात एक चौकोन उघडलेला, काळा. त्या चौकोनात पांढरी अक्षरं पळत होती, मशीन नुकतं चालू केल्यावर पळतात तशी.

"हे काय?"

"कॉम्प्युटर."

"कॉम्प्युटर तर हा." मी डब्यावर हात ठेवला.

"हा बाहेरचा. तो आतला. ह्याच्या पोटातला." तू खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसलीस. "हा एक प्रोग्रॅम असतो, ताई. तो आतल्याला सांगतो, ही घे तुझी मेमरी, ही घे तुझी हार्ड डिस्क. आतल्याला वाटतं आपण खरंच वेगळं मशीन हाय. त्याची अख्खी हार्ड डिस्क म्हंजे आपल्याकडं एक मोठी फाइल, बस. त्याच्यात विंडोजऐवजी लिनक्स टाका, जुनं डॉस टाका, काय पायजे ते टाका. बाहेर विंडोज जसंच्या तसं."

आणि खरंच तू त्या चौकोनात लिनक्स टाकून दाखवलंस. वेळ लागला, मशीन कण्हत होतं, पण झालं. विंडोजच्या मधोमध एक वेगळंच घर उभं राहिलं. वेगळ्या रंगाचं, वेगळ्या मेनूचं. मी बघत राहिले. मग तू माझ्याकडे बघितलंस, तेच हसू तोंडावर ठेवून, आणि आतल्या मशीनमधलं सगळं पुसून टाकलंस.

मी ओरडले. जिना चढणारी मुलं तिथेच थांबली म्हणे.

तू शांतपणे चौकोन बंद केलास. बाहेरचं विंडोज होतं तिथेच होतं. तू आधी ठेवलेली त्या फाइलची कॉपी आणलीस, चौकोन पुन्हा उघडलास, आणि पुसून टाकलेलं घर पुन्हा जसंच्या तसं उभं.

"आता सांगा," तू म्हणालीस, "मोडू दे का नको?"

मला खरोखर आनंद झाला होता. टायपिंगचं पान फाडताना मुलींचे चेहरे उतरायचे ते मी वर्षानुवर्षं बघितले होते. ते चेहरे न उतरवताही शिकवता येतं, हे मला त्या काळ्या चौकोनात पहिल्यांदा दिसलं. हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं असं आता वाटतं. पण आपल्या दोघींत कौतुक करायची रीतच नव्हती.

दर्शना त्याच वर्षी आली. किन्हवलीच्या पुढच्या एका गावातली, घरी भातशेती, बारावी झालेली. एसटीनं यायची आणि वेणी घट्ट बांधून यायची. पहिला आठवडा तिनं माउसला हात लावला नाही. तू तिला त्या मोठ्या मशीनसमोर बसवलंस, चौकोन उघडून दिलास आणि म्हणालीस, "हे मोड."

"मॅडम, खरंच?"

"खरंच. आज घरी जायच्या आधी हे बंद पडलं पायजे. कसं पाडायचं ते तुझं तू बघ."

दर्शनानं आधी माझ्याकडे बघितलं. मी मान दुसरीकडे वळवली. मग तिनं एक फाइल काढली. मशीन चाललं. दुसरी काढली. चाललं. मग तिला चेव चढला. संध्याकाळच्या सुमारास ते आतलं मशीन एकदाचं आडवं झालं आणि दर्शना खुर्चीतून उडालीच. "पडलं! मॅडम, पडलं!" क्लासमधली मुलं टाळ्या वाजवायला लागली. तू तिला विचारलंस, कशानं पडलं? आणि तिनं सांगितलं. पहिल्यांदाच ती सलग चार वाक्यं बोलली.

सहा महिन्यांत ती पोरगी विंडोज टाकायची, लिनक्स टाकायची, डिस्कचे भाग पाडायची, ते पुसायची, पुन्हा पाडायची. तिची बोटं चालायची ते बघत राहावं असं. मी तुला तेव्हा एकदा म्हटलं होतं, "रंजना, ही पुसताना थांबत नाही."

"कशाला थांबेल? कॉपी हाय की."

"बाहेर कॉपी नसते."

"ताई, तुमी टाइपरायटरवाल्या त्या टाइपरायटरवाल्याच," म्हणालीस. आपण हसलो आणि विषय संपला.

दर्शनाला मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका लहानशा कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली. तिची आई पेढे घेऊन आली होती. नोकरी लागलेली ती त्यांच्या घरातली पहिली मुलगी. आईनं आपल्या दोघींच्या हातावर पेढा ठेवला आणि त्या मोठ्या मशीनसमोरही एक ठेवला. तो तू नंतर खाल्लास.

पुढे जे झालं ते तुला सांगायची गरज नाही, पण तुझ्या मुलींना ते नीट ठाऊक नाही. कारखान्यातलं मशीन फार हळू चालायचं, व्हायरस शिरला होता. मालक म्हणाला, तुला येतं ना, मग कर काहीतरी. दर्शनाला येत होतं. तिनं सीडी घातली, डिस्क पुसली, नवीन विंडोज टाकलं. कुठेही न अडखळता, आपल्याकडे शिकली तसं. त्या मशीनवर कामगारांची हजेरी होती. मालकानं थोड्याच महिन्यांपूर्वी हजेरीपुस्तक बंद करून सगळं कॉम्प्युटरवर घेतलं होतं. कॉपी कुठेच नव्हती. आणि पगार दोन दिवसांवर आलेला.

तुला निरोप आला तशी तू सरळ मुरबाडला गेलीस. मला एवढंच म्हणालीस, "दर्शनाकडं गडबड झालीय, चार दिवस क्लास तुमी बघा." परत आलीस तेव्हा चेहरा ओढलेला होता. काही फाइली परत मिळाल्या, काही नाहीत, पगार उशिरा झाला पण झाला, असं तुटक सांगितलंस. आणि दर्शनाला काढून टाकलं हेही.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. ती भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती बाकावर टेकली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाय, पोर जेवत नाय. गावात त्योंड दाखवत नाय. तुमी तिला शिकवलं ना, मंग असं कसं झालं, तेवढं मला सांगा. मला समजत नाय म्हणून इचारते."

तू तिला पाणी दिलंस. "मी येते घरी, दर्शनाला भेटते," एवढंच म्हणालीस. ती गेली, आणि मग आपलं ते भांडण झालं.

मी म्हटलं, "तिला उत्तर का नाही दिलंस? मी देते. आपण तिच्या मुलीला मोडायला शिकवलं. मोडल्यावर काय होतं ते शिकवलं नाही. आपल्याकडे सगळं दोन मिनिटांत जसंच्या तसं परत येतं. जगात येत नाही."

"मग काय, भीती शिकवायची? पाटी लावायची?"

"थोडी भीती लागते, रंजना."

"थोडी?" तू उभी राहिलीस. "तू शिकवलेल्या मुली अजून एंटर दाबायच्या आधी मागं वळून बघतात. दर्शना भिऊन बसली असती तर आज भात लावत असती."

"भात लावण्यात काय वाईट आहे?"

"वाईट नाय. पण तिला ते करायचं नव्हतं! आणि तू दाराशी बसून बघत ऱ्हातेस फक्त. चूक मोजायला."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तू मला "तू" म्हणालीस. रागात म्हणालीस, तरी मला ते कुठेतरी जवळचं वाटलं, हे आज लिहिताना कळतंय. तेव्हा मात्र मी म्हटलं, "चूक मोजणारं कुणीतरी लागतंच. आज ते तिच्या मालकानं केलं." त्यावर तू पर्स उचललीस आणि जिना उतरलीस.

दोन महिन्यांनी तू मुरबाडला क्लास काढलास. अनिलभाऊंची बदली तिकडे झाली होती, ते कारण सगळ्यांना पुरलं. तुझी मशीन तू घेऊन गेलीस, माझी माझ्याकडे राहिली. वाटणीत कुठेही वाद झाला नाही, उलट दोघीही दुसरीला जास्त द्यायला बघत होतो. त्याचंच जास्त वाईट वाटलं. दर्शनाला तू तुझ्याबरोबर शिकवायला घेतलंस. नंतर कुणाच्या हळदीला, कुणाच्या बारशाला आपण भेटत राहिलो. बोलायचोही. आणि तू पुन्हा मला "तुमी" म्हणायला लागलीस. "तुमी बऱ्या हाव ना, ताई?"

तू मुरबाडला गेल्यावरच्या तीन वर्षांत मी काय केलं? आपल्याकडचं ते आतलं मशीन चालूच ठेवलं. शिकवायला एक नवीन मुलगा यायचा, मुलं त्याच्या बाजूला बसायची. पुसायच्या आधी मी प्रत्येकाला विचारायचे, "यात काय आहे ते बघितलंस का?" मुलं कंटाळून हो म्हणायची. आतल्या मशीनमध्ये बघायला काही नसायचंच. कुणीतरी मुद्दाम टाकलेली एखादी रिकामी फाइल, बस. मला वाटायचं मी तुझ्या शिकवण्यात माझी शिस्त मिसळली. खरं तर मी एक प्रश्न पाठ करून घेत होते.

मग तुझं दुखणं कळलं. तू फोन केलास, "ताई, येऊन जा." तुमी नाही, तू नाही. नुसतं येऊन जा.

मी शहापूरहून सरळगावमार्गे मुरबाडला आले तेव्हा तू ओटीवर खुर्चीत बसली होतीस. सिद्धगडाच्या बाजूचे डोंगर समोर दिसत होते आणि तू त्यांच्याकडे बघत नव्हतीस, मांडीवर ठेवलेल्या कीबोर्डच्या कळा एकेक उपटून कापसानं पुसत होतीस. किती बारीक झाली होतीस. मी कळा पुसायला घेतल्या. दोघी मिळून पुसत बसलो. क्लासमध्ये किती मुलं, नवीन विंडोज किती जड, लोडशेडिंग कमी झालं की नाही, असलंच सगळं बोललो. निघायची वेळ झाली तेव्हा तू म्हणालीस,

"ताई, ते दर्शनाचं…"

"राहू दे आता ते."

"नाय. एकदा बोलायचंय मला नीट. मी बरी झाले की बोलू."

"बरी हो. मग भांडू," मी म्हटलं.

तू हसलीस. मला वाटलं आपल्याला वेळ आहे. तुलाही तसंच वाटलं असणार, नाहीतर तू मला थांबवलं असतंस.

तुझ्या दहाव्याला दर्शना आली होती. मी तिला ओळखलंच नाही. केस कापलेले, चष्मा. नवी मुंबईत एका कंपनीत आहे. विधी झाल्यावर नदीकाठच्या दगडावर ती माझ्याशेजारी येऊन बसली. मी विचारलं, काय काम करतेस? म्हणाली, "तेच, मॅडम. आतली मशीन सांभाळते. आमच्याकडं एका मोठ्या मशीनमधे पुष्कळ मशीन चालतात. एकात कोणाचा हिशेब, एकात कोणाच्या दवाखान्याचं. आता सगळं आतच असतं. पण त्यात खऱ्या माणसांचं काम चालतं."

मी ते वाक्य मनात घोळवत बसले. आतलं म्हणजे खेळायचं आणि बाहेरचं म्हणजे खरं, या एका गोष्टीवर तू आणि मी कधी वाद घातला नव्हता. बाकी सगळ्यावर घातला.

मग मी तिला विचारलं. इतकी वर्षं मनात होतं ते. "दर्शना, तेव्हा चुकलं कुणाचं? तुला काय वाटतं?"

तिनं माझ्याकडे वळून बघितलं. "तुमाला रंजनामॅडमनी कारखान्याच्या गेटचं सांगितलं नव्हतं?"

"कुठलं गेट?"

आणि तिनं सांगितलं. तिच्याच शब्दांत लिहिते, कारण तू मला सांगितलं नाहीस.

"डिस्कवरनं जेवढं निघालं तेवढं मॅडमनी काढलं. हजेरी नाय निघाली. मग त्यांनी मालकाला सांगून गेटजवळ टेबल टाकलं. मला शेजारी बसवलं. मी म्हटलं, मॅडम, मला नको, मला घरी जाऊ दे. त्या म्हणाल्या, बस. पाळी सुटली नि माणसं आली. सगळी चिडलेली, पगार अडकलेला. एक जण म्हणाला, हीच का ती पोरगी? मी मान वर केली नाय. तर मॅडम उठून उभ्या ऱ्हायल्या. म्हणाल्या, ही माझी विद्यार्थिनी. मशीन पुसायला हिला मी शिकवलं. पुसायच्या आधी त्यात कोणा माणसाचं काय हाय, ते बघायला शिकवायचं माझ्याकडनं ऱ्हायलं. चूक माझी हाय. आता तुमी सांगा कुठल्या कुठल्या दिवशी आलात, आमी लिहितो."

"मग?"

"मग माणसांनी रांग लावली. एकेक जण यायला लागला. एक बाई म्हणाली, बुधवारी मी नव्हते गो, पोराला दवाखान्यात नेलं व्हतं, माझा खाडा लाव. त्याच्यानंतर बाकीचे पण आपापले खाडे सांगायला लागले."

"कुणीच खोटं नाही सांगितलं?"

"सांगितलं असंल. मी मॅडमकडं बघायची, तर त्या म्हणायच्या, जे सांगतायत ते लिही. सगळी हजेरी तशी उभी केली आमी, दोन संध्याकाळी बसून. मॅडम, मला तुमच्या पाटीनं भीती नाय शिकवली नि रंजनामॅडमनी पण नाय. पण आजसुद्धा काय पुसायच्या आधी मला ती बाई दिसते. खाडा लाव म्हणणारी."

दर्शना डोळे पुसत उठली, तिला परत जायचं होतं. मी तिथेच बसून राहिले. आणि मला तुझा राग आला, रंजना. दहाव्याच्या दिवशी, नदीच्या काठावर, तुझ्या नावानं सोडलेलं सगळं अजून पाण्यात तरंगत असताना. तू गेटवर परक्या माणसांपुढे उभं राहून जे म्हणालीस, तेच मी दुसऱ्या दिवशी तुला क्लासमध्ये म्हणत होते. अगदी तेच. त्यांच्यापुढे कबूल केलंस आणि माझ्याशी टेबलावर हात आपटून भांडलीस. का? मी ऐकलं नसतं? की माझ्या तोंडून ते ऐकणं तुला जड गेलं? मी दाराशी बसून म्हणणार की बघ, मी सांगितलं होतं, याची भीती वाटली? तू तर कशालाच भीत नव्हतीस.

घरी येईपर्यंत राग उतरला. एसटी किन्हवलीला थांबली तेव्हा दुसराच विचार आला. गेटवर मी असते, तर चूक दाखवून थांबले असते. तू चूक स्वतःच्या नावावर घेतलीस आणि मग त्या पोरीला शेजारी बसवून ती निस्तरलीस. मला वाटतं पुढे बोलायचं होतं ते तू हेच बोलणार होतीस. किंवा नसशील. कदाचित तू म्हणाली असतीस, तरीही मोडू द्यायलाच पाहिजे, ताई. आणि मी म्हटलं असतं, नाही. मी अजूनही म्हणते, थोडी भीती लागते. फक्त कुणाची, ते मला त्या दिवशी कळलं. मशीनची नाही, आणि दाराशी बसलेल्या माझी तर नाहीच.

अनिलभाऊंनी विचारलं, क्लासचं काय करायचं? मुलींची परीक्षा तोंडावर आहे. म्हणून आठवड्यातले काही दिवस मी मुरबाडला येते. तुझ्या खुर्चीत बसत नाही, ती उंच आहे आणि माझे पाय लोंबकळतात. बाकीचं सगळं तू ठेवलंस तिथेच आहे.

काल एका मुलीचं आतलं मशीन पडलं. काळा पडदा, वर एक पांढरी रेघ, पुढे काही नाही. तिनं सवयीनं कॉपी आणायला हात पुढे केला. मी म्हटलं, "थांब. आधी सांग, यात कुणाचं काय होतं असं समजायचं?" ती गोंधळली. मग म्हणाली, "समजा, माझ्या मामाच्या दुकानाचं." "मग मामाला काय सांगशील?" ती हसायला लागली आणि हसता हसता तिनं पुढे केलेला हात मागे घेतला. मी स्टूल ओढलं, तिच्याशेजारी बसले. तिनं काय काय केलं ते एकेक विचारलं, तिनं सांगितलं. दोघींनी मिळून बरंच काही करून बघितलं. बाकीच्या मुली भोवती जमल्या. माझी शहापूरची गाडी गेली तरी आम्ही बसलो होतो.

मशीन उठलं नाही. तू असतीस तर पडद्याकडे एक नजर टाकून सांगितलं असतंस, काय चुकलंय ते. मला ते येत नाही. मुलींना तसं सांगितलं. उद्या पुन्हा बसायचं ठरलंय.